चावी फिरवणारीची सही

धाकटीला अठरावं लागलं त्याच आठवड्यात आत्या तिला घेऊन पाणीखात्याच्या कचेरीत गेली. आत्या जुन्या पेठेतल्या पाणीठाण्याची चावीवाली होती. सकाळी कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं, कुठला नळ कधी बंद करायचा, हे सगळं तिच्या हातात असायचं, म्हणजे खांद्यापर्यंत येणाऱ्या लोखंडी चावीत. धाकटी दोन वर्षं तिच्या मागे मागे हिंडून काम शिकली होती. आता तिचं नाव मदतनीस म्हणून हजेरीबुकात चढवायचं होतं.

कारकून माणूस चांगला होता. त्याने दोघींना खुर्च्या दिल्या, पंखा लावला, आणि विचारलं, "नाव?"

आत्याने धाकटीचं नाव सांगितलं. चांगलं खणखणीत सांगितलं. कारकुनाने मान डोलावली आणि वहीत धाकटीच्या वडिलांचं नाव लिहिलं.

"अहो, त्याच्या नावावर मी आहे आधीच," आत्या म्हणाली. "एकाच माणसाच्या दोन हजेऱ्या कशा लावणार तुम्ही?"

"हो की," कारकून म्हणाला. त्याने ओळ खोडली. "घरात दुसरं कोण आहे? भाऊ? काका?"

"चुलतभाऊ आहे."

"झालं तर. त्याचं वय?"

"सात."

कारकुनाने क्षणभर विचार केला. "चालेल," तो म्हणाला. "कायद्यात वयाचं काही म्हटलेलं नाही."

धाकटीला हसू आलं. ती हसलीसुद्धा. मग तिची नजर आत्याकडे गेली आणि हसू जागच्या जागी विरलं. आत्या त्या ओल्या शाईकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नळातून येणारा आवाज ऐकताना ती जशी मान किंचित कलती करून थांबायची, तशी थांबली होती.

हा हमीदाराचा कायदा सव्वीस वर्षांपूर्वीचा. बायकांनी घरी बसावं असं काही तो म्हणत नव्हता; तसं म्हटलं असतं तर शहर दुसऱ्या दिवशी दुपारीच बंद पडलं असतं. बायकांनी काम करावं, भरपूर करावं, फक्त कागदावर ते त्यांच्या हमीदाराच्या नावे लागावं, एवढंच. हमीदार म्हणजे घरातला कुणीही पुरुष, बाप, भाऊ, नवरा, सासरा, नाहीतर मुलगा. सिस्टर टाके घालायची, पण केसपेपरवर तिच्या नवऱ्याची सही. मास्तरीण शिकवायची, निकालपत्रावर तिच्या सासऱ्यांचं नाव. कायदा आला तेव्हा आत्याला नोकरीत दोन वर्षं झाली होती. ठाण्याच्या जुन्या हजेरीबुकात तिच्या त्या दोन वर्षांच्या सह्या होत्या, आणि त्यानंतरच्या पानावर लाल रेघ मारून तिच्या भावाचं नाव लिहिलेलं होतं.

हा भाऊ म्हणजे धाकटीचे वडील. व्यवसायाने शिंपी. पन्नाशी उलटली तरी आत्या त्याला बाळ्याच म्हणायची. महिन्यातून एकदा ठाण्यावर येऊन तो सगळ्या पानांवर सह्या करून जायचा आणि जाताना "ताई, काही लागलं तर सांग" म्हणायचा. गेल्या वर्षी खात्याने त्याला पंचवीस वर्षांच्या निष्कलंक सेवेचं प्रमाणपत्र दिलं. त्याने ते दुकानात लावलं नाही. अस्तराच्या कापडाच्या ताग्यामागे तोंड भिंतीकडे करून ठेवलं. गिऱ्हाइकाने अस्तर मागितलं की त्याचे कान लाल व्हायचे.

दोघी कचेरीतून घरी परतल्या. पायऱ्या चढताना आत्या एवढंच म्हणाली, "माझं चाललं. तुझं नाही चालणार."

"म्हणजे काय करणार?" धाकटीने विचारलं.

"माहीत नाही गं. आधी भाजी चिरू."

चार दिवसांनी, सकाळी नऊच्या सुमाराला, पेठेच्या वरच्या चौकात रस्त्याखालचा मोठा नळ फुटला.

फुटला म्हणजे काय, रस्ताच फुगून वर आला आणि तडकला. पुरुषभर उंच पाणी उसळलं आणि उतारावरून खाली निघालं. उताराच्या टोकाला बाळंतिणींचं हॉस्पिटल होतं. हॉस्पिटलचं तळघर रस्त्याच्या पातळीखाली. तिथे वीज देणारं यंत्र, औषधांची कपाटं, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या पेट्यांना जाणाऱ्या सगळ्या तारा.

आत्या आणि धाकटी चाव्या घेऊन धावतच चौकात पोचल्या. नळ बंद करायच्या दोन जागा, म्हणजे दोन तोंडं, तिथे एकमेकींपासून दहा पावलांवर होत्या, प्रत्येकीवर लोखंडी झाकण. आत्याने पहिलं झाकण उचललं, आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाई, हात लावू नका!"

नवा निरीक्षक. आठवडाभरापूर्वी बदलून आलेला, तिशीचा, इस्त्रीच्या पँटच्या पायाला चिखल. जुना निरीक्षक अशा वेळी दुसरीकडे तोंड फिरवून बिडी ओढायचा. याच्या खिशात मात्र त्याच सकाळी हातात पडलेलं नवं परिपत्रक होतं: हजेरीत नाव नसलेल्या व्यक्तीने सरकारी पाण्याला हात लावणं म्हणजे घातपात. ठाण्याच्या निरीक्षकाने तो होऊ दिला, तर निरीक्षकही घातपातात सामील. आणि चौकात आता दोनशे माणसं गोळा झाली होती. सगळ्यांच्या देखत दुसरीकडे तोंड फिरवणार कसं?

"हजेरीत ज्यांचं नाव आहे त्यांना बोलवा," तो म्हणाला.

कुणीतरी धावलं. पाच मिनिटांत बाळ्या आला, गळ्यात माप घ्यायची टेप, कानावर खडू. निरीक्षकाने त्याच्या हातात चावी दिली. बाळ्याने ती उलटी धरली.

"ताई?" तो म्हणाला.

"त्यांच्याशी बोलू नका," निरीक्षक म्हणाला. "तुमचं पंचवीस वर्षांचं निष्कलंक काम आहे. करा."

बाळ्याने चावी सुलटी केली, खड्ड्यातल्या चौकोनी दांड्यावर कशीबशी बसवली आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जोर लावला. जगातली कुठलीही चावी बंद करायला माणूस तशीच फिरवेल. पण जुन्या पेठेतला हा दांडा उलट्या आट्यांचा होता. नकाशात ते नव्हतं, परिपत्रकात नव्हतं. ते फक्त आत्याच्या हातांना माहीत होतं. एक फेरा झाला, दुसरा झाला, आणि पाण्याचा खांब पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागला. लोक ओरडत मागे सरले.

"बाळ्या, सोड!" आत्या ओरडली. "सोड म्हणते ना!"

बाळ्याने सोडलं. तो नखशिखांत भिजला होता. थोडा वेळ तो नुसता हातांकडे बघत राहिला. मग निरीक्षकाकडे वळून म्हणाला, "मला येत नाही साहेब. मला कधीच येत नव्हतं. मी ब्लाउज शिवतो."

गर्दीत कुणी हसलं नाही.

आत्या उतारावर चार पावलं खाली गेली. हॉस्पिटलच्या तळघराकडे जाणाऱ्या पायऱ्यांपुढे एक दगडी उंबरा होता. पाणी त्याच्या किती खाली आहे ते तिने पाहिलं, पाण्याचा वेग पाहिला, मनात हिशोब केला, आणि परत येऊन झाकणाशेजारच्या दगडावर बसली. चावी मांडीवर आडवी ठेवली.

"ऐका साहेब," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "उंबऱ्याला पाणी लागायला अजून अर्धा तास आहे. माझं काम बारा मिनिटांचं. म्हणजे अठरा मिनिटं मी इथे बसू शकते. तेवढ्यात तुम्ही हजेरीबुकात माझं नाव लिहा. आणि हिचं." तिने धाकटीकडे बोट दाखवलं.

"मला तो अधिकार नाही."

"पेन आहे ना?"

"बाई, तुम्ही अडवणूक करताय."

"मी बसलेय. हात लावू नका म्हणालात, नाही लावला."

आत्याला धाकटीने आजवर कुणाशी हुज्जत घालताना पाहिलं नव्हतं. घराघरातल्या बायका पाण्याच्या वेळेवरून तिच्या अंगावर धावून यायच्या, तेव्हाही ती नुसती "बघते" म्हणायची. आणि आत्ता ती दगडावर अशी बसली होती की जणू बसायला म्हणूनच आली असावी.

पण ती नुसती बसली नव्हती. हॉस्पिटलच्या दारात सिस्टर उभी होती, तिला तिने हाक मारली. "सिस्टर, माझा हिशोब चुकला तर? औषधं वर न्या. बाळांच्या पेट्या दुसऱ्या मजल्यावर घ्या. बाळ्या, भिजलाच आहेस, त्यांना मदत कर. शिंप्याचे हात हलके असतात." बाळ्या धावला. त्याच्यामागे गर्दीतली आणखी दहा-बारा माणसं धावली.

सिस्टर आत जाता जाता थांबली. निरीक्षकाकडे बघून म्हणाली, "आज पहाटे मी जुळ्यांचं बाळंतपण केलं. दोन्ही आडवी होती. केसपेपरवर माझ्या नवऱ्याची सही आहे. तो ट्रकचे टायर विकतो." आणि ती आत गेली.

हे बोलणं कुणी ठरवलं नव्हतं. पण एकदा झाल्यावर थांबेना. बेकरीवाली म्हणाली, "माझी भट्टी भावाच्या नावावर आहे, त्याला पिठाने शिंका येतात." एक म्हातारी पुढे आली. रस्त्यापलीकडच्या पुलाकडे काठीने दाखवत म्हणाली, "त्याचं गणित माझं. पाटीवर आमच्या यांचं नाव आहे. ते बिचारे त्या पुलावरून जायलासुद्धा घाबरायचे." यावर मात्र लोक हसले. म्हातारी हसली नाही. ती पुलाकडे बघत राहिली.

निरीक्षकाने घड्याळ पाहिलं. हजेरीबुक त्याच्या काखेत होतं. ते त्याने एकदा उघडलं, पेनाचं टोपण काढलं. तो बराच वेळ कोऱ्या ओळीकडे बघत राहिला. मग टोपण परत लावलं.

"माझी नोकरी जाईल," तो म्हणाला. हे तो आत्याला म्हणाला की स्वतःला, कळलं नाही. "बाई, समजून घ्या. घरी आई आहे."

"तिच्या नावावर काय आहे?" आत्याने विचारलं.

त्याने वही पुन्हा काखेत मारली.

बारा मिनिटं गेली. पंधरा गेली. पाणी उंबऱ्याच्या दोन बोटं खाली आलं. धाकटी आत्याशेजारी बसून हळूच म्हणाली, "आत्या, अजून थोडं थांबू या. तो लिहिणार आहे. त्याने टोपण काढलं होतं, पाहिलंस ना. अजून पाच मिनिटं."

"अठरा म्हणजे अठरा," आत्या म्हणाली.

"पण आत्या, तू उठलीस की गेलंच सगळं! परत कोण ऐकणार आपलं?"

आत्याने तिच्याकडे पाहिलं. "पोरी, पाण्याला कुठे माहितेय आपलं काय चाललंय ते."

आणि अठरावं मिनिट भरलं तशी ती उठली. पदर खोचला, चावी खांद्यावर घेतली. निरीक्षक पुढे आला. "हात लावलात तर मला तुमच्यावर खटला भरावा लागेल!"

"भर बाबा. आधी पाणी बंद होऊ दे." मग धाकटीला म्हणाली, "तू दुसऱ्या तोंडावर. मी म्हणेन तेव्हा, म्हणेन तेवढंच."

दोन्ही तोंडं एकाआड एक बंद करायची असत. एकच बाजू झटकन मिटली तर पाणी मागे फिरून असा धक्का मारतं की पेठभर नळ फुटत जातात. आत्याने चावी दांड्यावर बसवली, तिच्या आडव्या मुठीला कान लावला आणि डोळे मिटले. "माझे तीन," ती म्हणाली आणि घड्याळाच्या उलट तीन फेरे दिले. "तुझे दोन." धाकटीने दोन दिले. "थांब." लोखंडातून काय ऐकू येत होतं कोण जाणे. "माझे तीन. तुझा एक. अर्धा मागे घे. हां. पुरे."

फक्त पाण्याचा आवाज आणि मधूनमधून आत्याचे आकडे. धाकटीचे हात भरून आले, तळव्याला फोड आला, पण त्या आकड्यांच्या लयीत तिला एक गोष्ट जाणवली आणि ती तिला आयुष्यात विसरता आली नाही: आत्या घाईत नव्हती. सव्वीस वर्षं कुणीही न पाहिलेलं काम आज दोनशे माणसं बघत होती, आणि ती ते रोजच्यासारखंच करत होती. ना एक फेरा जास्त, ना एक कमी. उसळणारा खांब कमरेएवढा झाला, गुडघ्याएवढा झाला, मग खड्ड्यात नुसता बुडबुडत राहिला. अकरा मिनिटं लागली होती. तळघराच्या उंबऱ्यावर पाणी टेकलं होतं, आत गेलं नव्हतं.

चौकात टाळ्या वाजल्या नाहीत. बेकरीवाली पुढे आली आणि तिने आपल्या कोरड्या ओढणीने आत्याचे हात पुसले.

खरी गोची झाली ती दुपारी. फुटलेला तुकडा काढून दुरुस्ती करणाऱ्यांनी नवा बसवला. पण खात्याचा नियम होता की मोठा नळ बंद केल्याची नोंद ज्याने काम केलं त्याच्या सहीनिशी झाल्याशिवाय तो पुन्हा उघडायचा नाही. निरीक्षकाने हजेरीबुकात नोंद लिहून आणली आणि रिवाजाप्रमाणे पेन बाळ्यापुढे धरलं.

बाळ्या ठाण्याच्या बाकावर बसला होता, अंगात कुणाचा तरी कोरडा शर्ट. त्याने पेन घेतलं, टोपण लावलं आणि परत दिलं.

"हे काम मी केलेलं नाही," तो म्हणाला.

"दर महिन्याला करता की सही!"

"करत होतो." त्याचे कान लाल झाले होते, पण आवाज हलला नाही. "साहेब, आज दोनशे लोकांनी मला काम करताना पाहिलंय. आता खोटं लिहायची माझी ताकद नाही."

तीन वाजले. सबंध पेठ कोरडी. ठाण्याचा फोन वाजत होता. आधी हॉस्पिटल, मग शाळा, मग खुद्द मुख्य कचेरी. मुख्य कचेरीतला माणूस एवढ्या जोरात बोलत होता की धाकटीला दारातून ऐकू येत होतं: सही कुणाचीही घे, पण पाणी सोड! निरीक्षकाने फोन खाली ठेवला. "कुणाचीही," तो स्वतःशी पुटपुटला. मग त्याने हजेरीबुक उचललं, आत्यापुढे टेबलावर ठेवलं, आणि पेनाचं टोपण स्वतः काढून दिलं.

आत्याने पेन हातात घेतलं, आणि त्या सबंध दिवसात पहिल्यांदा तिचा हात अडखळला. सव्वीस वर्षं तिने सही केली नव्हती. तिची सही शाळेतल्या वहीवरच्यासारखी निघाली, एकेक अक्षर सुटं, गोल, ओळीवर नीट बसवलेलं. तिने ती वाचून पाहिली. मग पेन धाकटीकडे दिलं. धाकटीने खाली आपलं नाव लिहिलं. तिच्या तळव्यावरचा फोड फुटला होता आणि कागदावर ओला डाग पडला.

"खराब झालं पान," धाकटी म्हणाली.

"असू दे," निरीक्षक म्हणाला. त्याने वही मिटली आणि शाई वाळायच्या आधी मिटली म्हणून परत उघडून ठेवली.

पुढचं सगळं काही गोड झालं नाही. आत्याला पंधरा दिवस कामावरून दूर केलं, निरीक्षकाची बदली लांबच्या ठाण्यावर झाली, चौकशी बसली. पण ते पंधरा दिवस शहराला महागात पडले. चौकातली गोष्ट एव्हाना सगळीकडे पोचली होती, आणि गोष्टीतला बाळ्या लोकांना विशेष आवडला होता. एकेका ठाण्यावरचे भाऊ आणि नवरे सह्या करेनात. कुणी म्हणालं बोट दुखतं, कुणी म्हणालं चष्मा हरवला, आणि एका म्हाताऱ्याने सरळ लिहून दिलं की चावी म्हणजे काय तेच त्याला माहीत नाही.

चौकशीच्या अधिकाऱ्याने आत्याला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. "अठरा मिनिटांनंतर तुम्ही उठलात. निरीक्षक लिहिण्याच्या बेतात होता असं साक्षीदार सांगतात. आणखी थोडं का थांबला नाहीत?"

"पाणी आत गेलं असतं."

"मग तुमच्या नावाचं काय?"

"ते आधीपासून होतं साहेब," आत्या म्हणाली. "तुम्ही लिहीत नव्हतात, इतकंच."

लोकांच्या बोलण्यात पुढे दगडावर बसलेली आत्याच राहिली. सांगता सांगता अठरा मिनिटांचा तास झाला, तासाचे तीन झाले. धाकटीसमोर कुणी असं सांगू लागलं की ती मध्येच तोडायची. "बसणं सोपं होतं हो," ती म्हणायची. "मी पण बसले असते. उठणं मला जमलं नसतं."

महिन्याभराने पाणीखात्याचा हुकूम निघाला: या खात्यापुरतं, ज्याचं काम त्याची सही, आणि बाई असेल तर तिचीच. बाकीच्या खात्यांना आणखी नऊ वर्षं लागली. सिस्टरला तर अकरा. पुलावरची पाटी बदलली तेव्हा ती म्हातारी हयात नव्हती. तिच्या नातीने पाटीचं उद्घाटन केलं.

हुकुमाची आत्याच्या नावे काढलेली प्रत ठाण्यावर आली, ती धाकटीने मोठ्याने वाचून दाखवली. बाळ्याही दुकान बंद करून आला होता. आत्याने कागद हातात घेतला, लांब धरून बघितला आणि कपाळाला आठी घातली.

"काय झालं?" बाळ्याने घाबरून विचारलं.

"माझ्या नावातली वेलांटी चुकवलीय."

"अगं ताई, राहू दे ना! एवढं झालं, त्यात वेलांटीचं काय?"

आत्याने पेन शोधलं, वेलांटी दुरुस्त केली, समासात सही केली आणि कागद पाकिटात घालून मुख्य कचेरीला परत पाठवला. दुरुस्त प्रत यायला तीन आठवडे लागले. तोवर खालच्या आळीत रोज सकाळी पाणी सोडायची पाळी धाकटीची होती, आणि ती वेळेवर सोडत होती.